खाडीकाठचं सोवळं

डोंबिवली पश्चिमेला मोठागावच्या रेतीबंदरावर ओहोटी लागलीय. माणकोलीच्या पुलाखाली होडी थांबते. होडीवाले काका नांगराची साखळी उचलतात, तोच रसायनशास्त्राची विद्यार्थिनी ओरडते, "काका, साखळी नको! आधी बाटली भरू द्या."

साखळीवर जस्ताचा मुलामा आहे आणि पाण्यात शिशाबरोबर जस्तही मोजायचंच आहे. अंगठी, बांगड्या तिनं काठावरच काढून ठेवल्यात. हातात बिनपावडरचे मोजे. बाटली प्लॅस्टिकची, आम्लात भिजवून धुतलेली, दोन पिशव्यांत बंद. बाहेरची पिशवी फक्त तिचा जोडीदार उघडतो, आतल्या पिशवीला आणि बाटलीला फक्त ती हात लावते. काका हसतात, "खाडीच्या पाण्याला एवढं सोवळं?"

सोवळं पाण्यासाठी नाही, आकड्यासाठी आहे. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम; खाडीचं पाणी कुणी पीत नाही, पण शोध त्याच पातळीवर चालतो. तिथं हाताची धूळसुद्धा खोटी साक्ष देते. म्हणून शुद्ध पाण्याची एक बाटली इथंच उघडून, ओतून, पुन्हा बंद केली जाते. तिच्यात शिसं निघालं, तर ते आपलंच.

ती प्रवाहाकडे तोंड करून वाकते. अंबरनाथ-उल्हासनगरातून आलेली वालधुनी नदी कल्याणपाशी याच पाण्यात मिसळलेली असते, पण बाटलीत आलेलं पाणी दिसायला जेमतेम गढूळ. 2020 मध्ये डोंबिवलीत रसायनांनी रस्ता गुलाबी झाला तेव्हा सगळे धावले. विरघळलेल्या शिशाला रंग नसतो, त्यामुळे धावपळही नसते.

सिरिंजमधून पाणी 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरवर दाबलं जातं. चार-सहा दाबांतच अंगठा थकतो; पांढऱ्या चकतीवर तपकिरी थर बसलाय. धातूंना गाळाला चिकटायची भारी हौस, त्यामुळे नुसत्या गाळलेल्या पाण्यावर खाडी स्वच्छ ठरवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. तीही न गाळलेली दुसरी बाटली भरते. दोन्हींत नायट्रिक आम्ल, नाहीतर धातू प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बाटलीच्या भिंतींना धरून बसतात. पीएचची पट्टी लाल होते.

"भरती यायच्या आत उरकायचं होतं," ती झाकण घट्ट करत सांगते. भरतीचं पाणी खारं, म्हणजे क्लोराइड आलं. प्रयोगशाळेत वजनावरून मूलद्रव्य ओळखणाऱ्या यंत्रात नमुना आर्गॉनच्या तप्त प्लाझ्मात जातो. तिथं 40 वजनाचा आर्गॉन 35 वजनाच्या क्लोरीनला चिकटला की वजन 75 होतं. आर्सेनिकचंही 75च. यंत्र दोघांना एकच समजतं, नसलेलं आर्सेनिक दाखवतं. मग वाटेत हेलियम सोडून ती जोडी मागे रोखावी लागते.

"म्हणजे मीठसुद्धा विष दिसतं?" काकांचा प्रश्न.

"यंत्राला दिसतं, काका. म्हणून तर खारटपणा इथंच मोजतो." ती कंडक्टिव्हिटी मीटर पाण्यात सोडते, आकडा वहीत टिपते, आणि जोडीदाराला म्हणते, "बर्फात ठेव. पुढची बाटली कल्याणच्या दुर्गाडीला, काठावर उतरलो की रिक्षा बघ."