जुनी दगड कापायची करवत: सुटा भाग बनवण्याआधी विचारायचे प्रश्न

आजचा विषय जरा हातांना काळं करणारा आहे. भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत, अकीक कापणाऱ्यांच्या कारखान्यात किंवा एखाद्या छांदिष्टाच्या गॅरेजमध्ये दगड कापायची एक जुनी करवत असते. तीस-चाळीस वर्षांची. बनवणारी कंपनी बंद झालेली, माहितीपुस्तक हरवलेलं. आणि एक दिवस ती थांबते. मग कुणीतरी म्हणतं, "तुटलेला भाग काढा, लेथवाल्याकडे द्या, तसाच करून आणा." आज मला सांगायचंय ते या 'तसाच'बद्दल. झिजलेला भाग हा नमुना नसतो. त्याची हुबेहूब नक्कल केली तर नक्कल झिजेचीही होते.

आधी यंत्र समजून घेऊ. याला आपण करवत म्हणतो, पण लाकडाच्या करवतीसारखे दात इथे नसतात. पोलादी चकतीच्या कडेला हिऱ्याचे बारीक कण धातूत बसवलेले असतात. ते दगड कापत नाहीत, घासून काढतात. अकीक म्हणजे क्वार्ट्झच, त्याची काठिण्यता मोजपट्टीवर ७ च्या आसपास. त्याला घासायला हिरा वापरतात. चकती एका शाफ्टवर, शाफ्ट दोन बेअरिंगवर, मोटरकडून बेल्ट. समोर एक गाडी, तिच्यावर दगड धरणारा शिकंजा. लीड स्क्रू फिरतो, त्यावर अर्धा नट बसतो आणि गाडी सावकाश पात्याकडे सरकते. खाली तेलाची टाकी, वर झाकण. एवढंच यंत्र.

आता पहिला प्रश्न: भाग का गेला? समजा लीड स्क्रूवरच्या नटाचे आटे गेलेत. हा नट मुद्दाम गनमेटलचा किंवा पितळेचा असतो. कारण स्क्रू महाग आणि करायला अवघड, नट स्वस्त. झिजायचंच तर नटाने झिजावं, अशी ती योजना आहे. कुणी "पुन्हा नको कटकट" म्हणून नट पोलादाचा केला, तर पुढच्या वेळी स्क्रू जाईल. मऊ भाग मऊच ठेवा.

पण नट वेळेआधी गेला असेल तर? मग तेलात बघा. दगडाचा गाळ म्हणजे बारीक घासपूडच. तो स्क्रूवर उडत असेल, तर नवा नटही तसाच जाणार. स्क्रूवर आच्छादन हवं, टाकी वेळेवर उपसायला हवी. हा सुटा भाग नव्हे, पण दुरुस्ती हीच आहे.

दुसरा प्रश्न: माप कुठून घ्यायचं? झिजलेल्या जागेवरून कधीच नाही. लीड स्क्रूची दोन्ही टोकं बघा, तिथपर्यंत नट सहसा जात नाही. तिथले आटे कोरे असतात. दहा आट्यांचं अंतर व्हर्निअरने मोजा आणि दहाने भागा. जुनी परदेशी यंत्रं बहुधा इंची असतात. इंचाला ५ आटे म्हणजे एका आट्याला ५.०८ मिमी. लेथवाला म्हणेल, "साहेब, ५ मिमी आहे." एका आट्याला फरक फक्त ०.०८, पण नटात आठ आटे असतील तर शेवटी तो ०.६४ मिमी होतो आणि नट अडकतो. आट्याचा कोनही वेगळा: इंची ॲक्मे आटा २९ अंशांचा, मेट्रिक ट्रॅपेझॉइडल ३० अंशांचा. ज्याच्या लेथचा लीड स्क्रू इंची आहे त्याला हे काम सोपं. मेट्रिक लेथ असेल तर विचारा, "१२७ दातांचं गिअर आहे का?" २५.४ ला ५ ने गुणलं की १२७ येतात. इंच आणि मिलिमीटर यांची गाठ त्या गिअरवर पडते. नट आधी अख्खा करायचा, आटे पाडायचे आणि मग मधून कापून अर्धा करायचा.

बीडाचा भाग मोडला तर वेगळीच गंमत होते. समजा शिकंज्याचा जबडा तुटला. तुकडे जोडून तेच फौंड्रीत साचा म्हणून दिले, तर येणारं कास्टिंग लहान येतं. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं. ३०० मिमीच्या जबड्यात जवळजवळ ३ मिमी गेले. शिवाय लेथवर किंवा मिलिंगला घासायला जास्तीचा मालही हवा. कोल्हापूरच्या फौंड्रीतला कुठलाही पॅटर्नवाला हे जाणतो. तो आकसणं धरून लाकडी पॅटर्न मोठा करतो. त्याला तुटका भाग दाखवा, पण काम द्या पॅटर्नचं.

तिसरा प्रश्न: बाजारात तयार मिळतं का? बेअरिंग कधीच बनवू नका, विकत घ्या. फक्त नंबर नीट वाचा. यूसी २०५ हे बेअरिंग २५ मिमी शाफ्टचं. यूसी २०५-१६ हे १ इंचाचं, म्हणजे २५.४ मिमीचं. तो '१६' म्हणजे सोळा सोळांश इंच. दुकानात २०५ मिळालं म्हणून इंची शाफ्ट घासून २५ चा करणारे लोक आहेत. मग १ इंची भोकाचं पातं त्या शाफ्टवर ०.४ मिमी ढिलं बसतं आणि केंद्रापासून ०.२ मिमी सरकू शकतं. पात्याची एकच बाजू दगडाला लागते, ठक-ठक आवाज येतो, हिरा एकाच बाजूने संपतो. चार दशांश मिलिमीटरने महागाचं पातं जातं.

आता मोटर. इथे मात्र जिवाशी गाठ आहे. ४५० मिमीचं पातं मिनिटाला ६५० फेरे घेत असेल, तर त्याची कड सेकंदाला १५ मीटरच्या वेगाने पळते. अकिकासारख्या कठीण दगडाला ते ठीक. आपल्याकडची चार पोलची मोटर साधारण १४४० फेऱ्यांची. तिला ७५ मिमीची पुली आणि शाफ्टला १६५ ची, की झाले ६५४ फेरे. अमेरिकी यंत्राची मूळ मोटर मात्र ६० हर्ट्झवर १७२५ फेऱ्यांची असते. तिच्या पुल्या तशाच ठेवून आपली मोटर लावली, तर वेग सोळा-सतरा टक्क्यांनी कमी होतो. ते चालून जाईल, पुली बदलली की झालं. पण भंगारातून २८८० ची मोटर स्वस्तात मिळाली म्हणून तीच लावली, तर पात्याची कड सेकंदाला ३० मीटर पळते. पात्यावर छापलेली फेऱ्यांची मर्यादा आधी वाचा. वायरिंग करताना दिशाही बघा. उलटं फिरलं तर शाफ्टवरचा नट आपोआप सुटू शकतो.

सगळे भाग नवे बसवले तरी काम संपत नाही. गाडीची चाल पात्याला समांतर हवी. ती कशी तपासायची? मोटरचा प्लग काढा. गाडीवर डायल गेज बांधा. पात्यावर पुढच्या बाजूला, कडेजवळ, खडूने एक खूण करा. गेजची टोची त्या खुणेवर टेकवून शून्य करा. आता पातं हाताने फिरवून तीच खूण मागे न्या, गाडीही मागे सरकवा आणि परत वाचा. खूण तीच का? कारण पातं जरा वाकडं असलं तरी एकाच बिंदूवर मोजल्याने तो वाकडेपणा हिशेबातून जातो. उरतो तो फक्त गाडीचा तिरकेपणा. फरक शून्याच्या जितका जवळ तितकं बरं. बेअरिंगच्या ठोकळ्याखाली पातळ शिम घालून तो काढता येतो. हे न करता कापलं तर दगड पात्याला एका बाजूने रेटतो आणि पातं बशीसारखं होतं.

शेवटचं. काही यंत्रांत गाडीच्या चालीत एक मऊ पिन असते, काहींत मुद्दाम सैल ठेवलेला छोटा बेल्ट. दगड शिकंज्यात हलला की पिन तुटते, बेल्ट घसरतो आणि गाडी थांबते. "सारखी पिन तुटते" म्हणून तिथे पोलादी बोल्ट घालणं म्हणजे फ्यूजच्या जागी जाड तार घालणं. आधी शिकंजा दुरुस्त करा. झाकण हाही तसाच भाग. क्वार्ट्झची धूळ फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो, खंबातच्या अकीक कारागिरांनी तो भोगलाय. म्हणून कोरडं कधीच कापायचं नाही आणि झाकणाशिवाय तर नाहीच.

(श्रोत्यांतून प्रश्न: तेलाऐवजी डिझेल चालेल का?)

लोक वापरतात, पण नको. करवतीत तेलाचं बारीक धुकं होतं. डिझेलचं धुकं पेटू शकतं आणि ते श्वासात जाणंही वाईट. हलकं खनिज तेल घ्या. पाण्याने कापायचं तर काम झाल्यावर टाकी रिकामी करून यंत्र कोरडं पुसा, नाहीतर तुमची नवी बेअरिंग गंजतील.

तेव्हा लेथवाल्याकडे जाताना हातात तुटका भाग जरूर न्या. सोबत एक कागदही न्या: हा का तुटला, मूळ माप काय होतं आणि याने कशाच्या आधी झिजायचं आहे. तो कागद पुढे यंत्राजवळच ठेवा. पुढची दुरुस्ती करणाऱ्याला तेच माहितीपुस्तक होईल.