कोळंबीच्या टरफलातून औषधाचे वाहन

मालवणच्या किनाऱ्याला होड्या लागल्या की मासळीची निवड सुरू होते. कोळंबी सोलली जाते. गर खाण्यासाठी जातो आणि डोकी व टरफले टाकून दिली जातात. कोळंबीच्या वजनाचा सुमारे ४० ते ५० टक्के भाग असा वाया जातो आणि दमट हवेत लवकरच कुजू लागतो. या टाकाऊ टरफलात ‘कायटिन’ हे द्रव्य असते. त्यापासून मिळणारे ‘कायटोसॅन’ औषध वाहून नेण्याच्या कामी वापरता येईल काय, याचे संशोधन जगभर चालू आहे.

वाहनाची आवश्यकता

पोटात किंवा शिरेत दिलेले औषध रक्तावाटे सर्व शरीरात पसरते. रोगग्रस्त भागास त्यातील अल्प अंशच मिळतो. उरलेला निरोगी पेशींना बाधू शकतो. कर्करोगावरील काही औषधांनी केस गळतात, ते याच कारणाने. म्हणून औषध अतिसूक्ष्म वेष्टनात बंद करून इष्ट स्थळी पोहोचविण्याची कल्पना पुढे आली. मीटरचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाचा केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, तर हे वाहक बहुधा काही दशक ते काही शतक नॅनोमीटर आकाराचे असतात.

ही केवळ कल्पना राहिलेली नाही. अँफोटेरिसिन-बी हे बुरशीजन्य रोगावरील प्रभावी औषध मूत्रपिंडास अपाय करते. स्निग्ध द्रव्याच्या सूक्ष्म पोकळ कणांत, म्हणजे लायपोसोममध्ये, ते भरले असता हा अपाय पुष्कळ कमी होतो. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा औषधाच्या भारतीय निर्मितीसाठी महत्त्वाचे संशोधन केले. २०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले, तेव्हा याच औषधाचा राज्यात तुटवडा पडला आणि त्याचे मोल सर्वांना कळले.

टरफलापासून कणापर्यंत

टरफले सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवली की त्यांतील चुना निघून जातो. सौम्य कॉस्टिक सोड्याने प्रथिने निघतात. उरते ते कायटिन. तीव्र व उष्ण कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केल्यावर त्याचे कायटोसॅन होते. ते सौम्य ॲसेटिक आम्लात विरघळवून त्यात ट्रायपॉलिफॉस्फेटचे द्रावण मिसळले की विरुद्ध विद्युतभारांच्या आकर्षणाने सूक्ष्म कण तयार होतात. औषध आधीच मिसळलेले असल्यास ते या कणांत अडकते. कायटोसॅनवर धन विद्युतभार असल्याने हे कण नाकातील व आतड्यातील ऋणभारित श्लेष्मल अस्तराला चिकटून राहतात आणि औषध हळूहळू सोडतात. कणांच्या पृष्ठभागावर फॉलिक आम्लासारखा रेणू जोडल्यास, त्याची विशेष ओढ असलेल्या कर्करोगाच्या पेशींकडे ते नेण्याचा प्रयत्नही केला जातो.

शिक्षकांना यातील पहिली पायरी वर्गात दाखविता येईल. कोळंबीचे स्वच्छ टरफल शिरक्यात ठेवले की बुडबुडे येतात आणि टरफल मऊ पडते. चुना विरघळल्याची ती खूण होय.

सावधगिरी आणि संधी

कायटोसॅनच्या औषधवाहकांचे बहुतेक प्रयोग अद्याप प्रयोगशाळेत व प्राण्यांवर चालू आहेत. औषधासाठी लागणारे कायटोसॅन अत्यंत शुद्ध असावे लागते, कारण टरफलातील प्रथिनांचा अंश राहिल्यास काहींना तीव्र ॲलर्जी होऊ शकते. त्यामुळे गावात टरफले गोळा केली की लगेच औषधाचा कारखाना उभा राहील, अशी आशा कोणी दाखविल्यास पंचायतीने सावध राहावे. शेती व जलशुद्धीकरण यांसाठी मात्र कमी शुद्धतेचे कायटोसॅन चालते. कोची येथील केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने टरफलांपासून कायटिन व कायटोसॅन बनविण्याची पद्धत विकसित केली आहे.

या प्रक्रियेत आम्ल व क्षारयुक्त सांडपाणी मोठ्या प्रमाणावर निघते. मालवणचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला आहे. असे पाणी शुद्ध न करता तेथे सोडणे म्हणजे ज्या समुद्रावर पोट चालते त्यालाच विष देणे होय. टरफले ताजी असतानाच वेगळी साठविणे आणि सांडपाण्याची व्यवस्था आधी करणे, या दोन गोष्टी साधल्या तरच आजचा कचरा उद्याचे धन ठरेल.