सोरायसिसचे मूळ : पेशीतील सूक्ष्म आर. एन. ए.

सोरायसिस झालेल्या माणसाच्या कोपरांवर, गुडघ्यांवर व डोक्यावर लालसर चट्टे उठतात आणि त्यांवरून रुपेरी खवले निघत राहतात. ते पाहून पंगतीत त्याला वेगळे बसविले जाते. वर्गात अशा मुलाशेजारी बसावयास इतर मुले कचरतात. वास्तविक हा विकार स्पर्शाने, कपड्यांतून वा पाण्यातून पसरत नाही. जागतिक आरोग्य सभेने २०१४ साली केलेल्या ठरावातही तो असंसर्गजन्य असल्याचे नमूद आहे. त्याचे मूळ रोग्याच्या स्वतःच्या पेशींतील बिघडलेल्या नियंत्रणात आहे.

पेशीतील जनुकांवरून संदेशवाहक आर. एन. ए. तयार होतो व त्याबरहुकूम प्रथिने बनतात. १९९३ साली अमेरिकेत व्हिक्टर ॲम्ब्रॉस व गॅरी रव्हकन यांनी जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत असे दाखविले की, सुमारे २२ घटकांचा चिमुकला आर. एन. ए. संदेशवाहकाला चिकटून त्याचे काम रोखतो. ही कृमीचीच एक लहर असावी, असे पुढे काही वर्षे मानले गेले. नंतर मानवी पेशींतही असे शेकडो सूक्ष्म आर. एन. ए. सापडले आणि २०२४ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक या दोघांस मिळाले.

स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी २००७ साली सोरायसिसच्या चट्ट्यांत २०३ क्रमांकाचा सूक्ष्म आर. एन. ए. निरोगी त्वचेपेक्षा अधिक असल्याचे दाखविले. 'सॉक्स-३' नावाचे प्रथिन दाहाच्या संकेतांना आवर घालते. नेमके त्याचेच उत्पादन हा रोखतो. कासरा सैल सुटला की बैल उधळावेत, तसा मग दाह वाढतो. निरोगी त्वचेची पेशी तळापासून पृष्ठभागी येण्यास महिनाभर घेते; चट्ट्यात तोच प्रवास काही दिवसांत उरकतो व कच्च्या पेशींचे खवले साचतात. मात्र वाढलेला प्रत्येक सूक्ष्म आर. एन. ए. अपायकारकच, असे नाही. १४६-अ हाही चट्ट्यांत वाढलेला असतो, परंतु तो दाह शमविणारा आहे. तो नसलेल्या उंदरांत विकार अधिक तीव्र झाला.

या ज्ञानावर आधारलेले औषध अद्याप नित्याच्या उपचारांत आलेले नाही. मलमे, अतिनील किरणे, मेथोट्रेक्सेट इत्यादी उपचार त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावेत. स्टिरॉइडच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊन एकाएकी बंद केल्यास विकार अंगभर उसळू शकतो. सांधे दुखू वा सुजू लागल्यास तेही डॉक्टरांना विनाविलंब सांगावे.