दारावर नावाची पाटी

1967 साली हिवाळा तोंडावर असताना हेलसिंकीत सुमारे पन्नास बेघर माणसे दगावली. बहुतेक दारूच्या आहारी गेलेली, उघड्यावर झोपणारी. इल्का ताइपाले आणि त्यांच्या तरुण साथीदारांनी ‘नोव्हेंबर चळवळ’ उभी केली, शहर हलले, आणि रंगाच्या एका जुन्या गोदामात पिणाऱ्यांसाठी रात्रनिवारा सुरू झाला. जीव वाचले. पण तिथे राहणारा माणूस बेघर तो बेघरच राहिला.

पुढे चाळीस वर्षांनी, 2007मध्ये, फिनलंड सरकारने चार जाणत्यांना एकत्र बसवले. त्यांत ताइपाले होते, एक बिशप होते, हेलसिंकीच्या समाजकल्याण खात्याचे प्रमुख होते आणि वाय-फाउंडेशनचे संचालक होते. त्यांच्या अहवालाचे नाव होते ‘दारावर नाव’. माणसाला आधी घर द्यायचे, त्याच्या स्वतःच्या नावाच्या भाडेकरारासह. दारू, ड्रग्ज, कर्ज, मानसिक आजार हे सगळे त्यानंतर बघायचे, असे तो सांगत होता. न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस यांनी 1992पासून हीच वाट धरली होती. पण तिला अख्ख्या देशाचे धोरण केले ते फिनलंडने, आणि ते शक्य झाले कारण घरे विकत घेऊन ठेवणारी एक संस्था तिथे आधीपासून कामाला लागलेली होती.

ही संस्था म्हणजे वाय-फाउंडेशन. तिची स्थापना 1985ची. संस्थापकांमध्ये हेलसिंकी, एस्पो, वानता, तांपेरे आणि तुर्कू ही पाच शहरे, रेडक्रॉस, चर्च, बांधकाम व्यावसायिकांचा महासंघ, बांधकाम कामगारांची संघटना आणि अल्को, म्हणजे देशात दारूविक्रीची मक्तेदारी असलेली सरकारी कंपनी. घरे घेण्यासाठी लागणाऱ्या अनुदानाचा मोठा वाटा अनेक वर्षे जुगाराच्या यंत्रांच्या नफ्यातून आला. काहींना हे खटकेल. मला मात्र ते न्याय्य वाटते. लोकांच्या पिण्यावर आणि जुगारावर सरकार कमावणारच असेल, तर ज्यांचे संसार त्यात बुडाले त्यांच्या छपरासाठी तो पैसा यायलाच हवा.

संस्था बाजारातूनच, नेहमीच्या इमारतींमधून सुटे फ्लॅट घेते. इथे एक, पलीकडच्या रस्त्यावर दुसरा. बेघरांची वेगळी वसाहत होऊ नये, हा त्यामागचा विचार. जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्याला नवा भाडेकरू काल कुठे झोपत होता हे कळण्याचे कारण नसते. आज संस्थेकडे पन्नासहून अधिक शहरांत मिळून अठरा हजारांच्या आसपास घरे आहेत आणि ती देशातल्या मोठ्या घरमालकांपैकी एक आहे. भाडेकरू भाडे भरतो. उत्पन्न अपुरे असेल तर सरकारी साहाय्य मिळते. भाडे वेळेवर आले आणि शेजाऱ्यांना त्रास झाला नाही, की घर त्याचे. स्वतःच्या घरात त्याने प्यायली म्हणून करार मोडत नाही.

इथेच अनेकांचा पाय अडखळतो. पिणाऱ्याला घर? आधी सुधारू दे! जुनी पद्धत नेमकी अशीच होती, पायऱ्यापायऱ्यांची. रस्त्यावरून निवाऱ्यात, निवाऱ्यातून वसतिगृहात, काही महिने कोरडा राहिलास तर देखरेखीखालच्या खोलीत आणि सगळ्यात शेवटी घर. एकदा घसरलास की पुन्हा रस्ता. पण व्यसनात पुन्हा घसरणे हा आजाराचाच भाग असतो, हे व्यसनमुक्तीचे काम करणारा कोणीही सांगेल. आजार उलटला म्हणून रुग्णाचे छप्पर काढून घ्यायचे, आणि मग उणे वीस अंशांच्या थंडीत झोपणाऱ्याने औषधे वेळेवर घ्यावीत, समुपदेशकाची भेट चुकवू नये, कागदपत्रे जपावीत अशी अपेक्षा करायची! ही पद्धत क्रूर होतीच, शिवाय ती निष्फळही होती.

कल्लिओ या हेलसिंकीच्या जुन्या कामगारवस्तीत आल्पिकातू रस्त्यावर साल्व्हेशन आर्मीचा, म्हणजे आपल्याकडच्या मुक्तिफौजेचा, सुमारे अडीचशे खाटांचा निवारा होता. तो बंद करून त्याच इमारतीत 2012मध्ये ऐंशीच्या आसपास स्वतंत्र घरे केली गेली. ज्यांना सुट्या फ्लॅटमध्ये एकट्याने राहणे झेपणार नाही त्यांच्यासाठी अशा इमारती आहेत, आणि तिथे मदतनीस चोवीस तास असतात. अशा जागांना शेजाऱ्यांचा विरोध होतोच. त्यावर उपाय म्हणून कर्मचारी आणि रहिवासी मिळून परिसराची सफाई करतात, तक्रारी ऐकून घेतात. हेलसिंकीत निवाऱ्यांच्या खाटा 1985मध्ये 2,121 होत्या. 2016मध्ये उरल्या 52.

घर मिळाले की दारू सुटते, असा दावा कोणी करू नये. कॅनडाने पाच शहरांत दोन हजारांहून अधिक लोकांवर या पद्धतीची चाचणी घेतली. ज्यांना आधी घर मिळाले ते कितीतरी जास्त काळ घरात टिकले, व्यसनात मात्र तुलनेने फारसा फरक दिसला नाही. फिनलंडमध्येही काही जण पितच राहतात, काहींना चार भिंतींमधला एकटेपणा खायला उठतो. पण ते जिवंत असतात, आणि उपचारासाठी कोणी दार ठोठावले तर तिथे सापडतात. खर्चाचेही ऐका: तांपेरेमधल्या एका अभ्यासानुसार आधाराची घरे दिल्याने रुग्णालये, पोलीस, तातडीच्या सेवा यांवरचा खर्च माणशी वर्षाला 15,000 युरोपर्यंत वाचला.

देशात 2008 साली आठ हजारांच्या आसपास बेघर होते, 2023मध्ये 3,429. यात मित्र-नातेवाइकांकडे तात्पुरते राहणारेही मोजलेले आहेत आणि त्यांचीच संख्या सर्वांत मोठी आहे. पण 2024मध्ये आकडा 3,806वर गेला, अनेक वर्षांनी पहिल्यांदाच वाढला. त्याच सुमारास सरकारने भाड्याच्या साहाय्याला कात्री लावली होती. स्वस्त घरे आणि भाड्याचा आधार यांतले एक जरी काढले, तरी ही सारी रचना लटपटते.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 2010मध्ये मोठ्या शहरांत लाख लोकसंख्येमागे एक, चोवीस तास चालणारा निवारा उभारायला सांगितले. ते निवारे हवेतच, अजून कितीतरी हवेत. पण तुमच्या महापालिकेला खाटांच्या संख्येबरोबर आणखी एक आकडा विचारा: निवाऱ्यातून या वर्षी किती जण स्वतःच्या नावाचा भाडेकरार घेऊन बाहेर पडले?