मोटार थांबण्याचे अंतर आणि समाश्रयणाची रेषा

धावत्या मोटारीचा ब्रेक दाबला म्हणजे ती तत्क्षणी थांबत नाही. काही अंतर पुढे जाऊनच स्थिर होते. वेग जितका अधिक तितके हे अंतर अधिक, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु वेग ताशी एका मैलाने वाढला असता अंतर किती फुटांनी वाढते, असे विचारल्यास नुसता अनुभव उपयोगी पडत नाही. मोजमापे घेऊन त्यांतून नियम काढावा लागतो. असा नियम सरळ रेषेच्या रूपाने काढण्याच्या रीतीस संख्याशास्त्रात एकघाती समाश्रयण म्हणतात.

मोटारींच्या अशा ५० नोंदी १९२० नंतरच्या दशकात घेतलेल्या उपलब्ध आहेत. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मॉर्डेकाय इझीकेल यांच्या १९३० सालच्या ग्रंथात त्या आढळतात. वेग ताशी ४ ते २५ मैल, आणि अंतर २ ते १२० फूट. आलेखाच्या कागदावर हे ५० बिंदू मांडले तर ते एका ओळीत बसत नाहीत. ताशी १० मैल या एकाच वेगाला १८, २६ आणि ३४ फूट अशी तीन निरनिराळी अंतरे आहेत. मग कोणती रेषा खरी मानावी? १८०५ साली फ्रेंच गणिती लजांद्र यांनी प्रसिद्ध केलेल्या न्यूनतम वर्गांच्या रीतीचे उत्तर असे की, प्रत्येक बिंदू रेषेच्या वर किंवा खाली किती आहे ते पाहावे, त्या अंतरांचे वर्ग करावेत, आणि ज्या रेषेसाठी या वर्गांची बेरीज सर्वांत कमी येईल तीच रेषा स्वीकारावी.

हे गणित हाताने करणे अवघड नाही, परंतु कंटाळवाणे आहे. ५० जोड्यांचे गुणाकार म्हणजे एका दुपारचे काम, आणि मध्येच चूक झाली तर दोन दुपारांचे. संगणकास ते क्षणात साधते. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० नंतरच्या दशकात ‘आर’ नावाची संगणकीय भाषा रचली. ती विनामूल्य मिळते, आणि वरील ५० नोंदी तिच्यात ‘कार्स’ या नावाने आधीच भरलेल्या असतात. आज्ञा रोमन लिपीत टंकित कराव्या लागतात. येथे त्यांचे उच्चार दिले आहेत :

प्लॉट(डिस्ट ~ स्पीड, डेटा = कार्स)
फिट <- एलएम(डिस्ट ~ स्पीड, डेटा = कार्स)
ॲबलाइन(फिट)
समरी(फिट)

पहिली ओळ बिंदूंचा आलेख काढते. दुसरीतील ‘एलएम’ म्हणजे एकघाती प्रतिमान; लाटेसारखे चिन्ह ‘वरून’ या शब्दाचे काम करते, म्हणजे वेगावरून अंतर काढावयाचे आहे. या दोन पदांची अदलाबदल केल्यास संगणक तक्रार करीत नाही, मात्र निराळ्याच प्रश्नाचे उत्तर देतो. तिसरी ओळ आलेखावर रेषा ओढते, चौथी निष्कर्ष छापते.

उत्तर असे येते : अंतर = −१७.५७९ + ३.९३२ × वेग. अर्थात वेग ताशी एका मैलाने वाढला की अंतर सरासरीने सुमारे ४ फुटांनी वाढते. ताशी १० मैलांसाठी ही रेषा २१.७ फूट सांगते. ‘आर-वर्ग’ ०.६५ येतो, म्हणजे अंतरांतील एकूण चढउतारापैकी ६५ टक्के भागाचा उलगडा या रेषेने होतो. बिंदू रेषेपासून साधारणतः १५ फुटांनी ढळलेले आहेत.

येथेच थांबणारे पुष्कळ असतात. परंतु ताशी ४ मैल हा वेग रेषेत घालून पाहावा : उत्तर उणे १.८५ फूट येते! ब्रेक दाबताच मोटार मागे सरकली, असा याचा अर्थ होईल. संगणकाचे गणित चुकलेले नाही; सरळ रेषा ही आपली निवड होती. पदार्थविज्ञानाप्रमाणे मोटारीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि ती सारी ब्रेकला शोषून घ्यावी लागते. तेव्हा अंतरही वक्राने वाढावे हे स्वाभाविक आहे. प्लॉट(फिट, व्हिच = १) ही आज्ञा दिल्यास उरलेल्या फरकांचा आलेख मिळतो, त्यात ही वक्रता काहीशी दिसते; शिवाय वेग वाढताना बिंदू अधिक विखुरतात. ताशी २४ मैलांची एक नोंद, १२० फुटांची, रेषेच्या तब्बल ४३ फूट वर आहे.

दुसऱ्या ओळीत ‘स्पीड’पुढे + आय(स्पीड^२) एवढे जोडले की वेगाचा वर्गही हिशेबात येतो. ५० बिंदूंच्या पट्ट्यात दोन्ही आकृत्या जवळजवळ लागून चालतात, आणि कोणती घ्यावी याविषयी फारसा वाद उरत नाही. त्याबाहेर मात्र चित्र पालटते. ताशी ६० मैलांसाठी सरळ रेषा २१८ फूट सांगते, तर वक्र ४१७. रस्त्यावर पुढील वाहनापासून किती अंतर राखावे हे ठरविणाऱ्यास हा फरक प्राणांशी गाठ घालणारा आहे; आणि त्याचा निवाडा या ५० नोंदी करू शकत नाहीत, कारण त्यांतील सर्वांत अधिक वेग ताशी २५ मैलच आहे.