जुनी ‘पुंटो’ घेताना इंजिनाइतकाच पत्राही तपासावा

फियाट कंपनीची ‘ग्रँडे पुंटो’ ही देखणी छोटी मोटार २००९ मध्ये भारतीय बाजारात आली. पुण्यानजीक रांजणगाव येथील कारखान्यात होणारे तिचे उत्पादन थांबून काही वर्षे लोटली असून, आता ती केवळ वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात मिळते. साहजिकच, सुटे भाग मिळतील का, ही ग्राहकाची पहिली शंका असते.

इंजिनाबाबत ही भीती काहीशी अनाठायी आहे. डिझेल पुंटोचे १.३ लिटर मल्टिजेट इंजिन मारुतीच्या स्विफ्टलाही बसवले गेले होते. त्यामुळे ते जाणणारे कारागीर ठिकठिकाणी आहेत. खरी अडचण आहे ती रूपाची. हेडलाइट, बंपर वा दरवाजा अन्य कंपनीच्या गाडीचा बसत नाही. ज्या देखणेपणासाठी गाडी घ्यायची, तेच दुरुस्त करणे अवघड! म्हणूनच अपघातग्रस्त पुंटो कितीही स्वस्त मिळाली, तरी टाळलेली बरी.

खासगी मोटारीची नोंदणी प्रथम पंधरा वर्षांसाठी असते. २००९-१० मधील गाड्यांची ही मुदत उलटली आहे. तेव्हा नूतनीकरण झाल्याची खात्री करूनच व्यवहार करावा. गाडी परराज्यातील असल्यास तेथील परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्रही मागून घ्यावे.