पोलादी चिलखताचा हिशेब

‘आयर्न मॅन’ पाहून घरीच पोलादी चिलखत बनवायची हुक्की आली, तर पत्रा आणण्याआधी एक हिशेब करा. पोलाद पाण्याच्या जवळजवळ ८ पट जड. म्हणजे १ मिलिमीटर जाडीच्या एका चौरस मीटर पत्र्याचं वजन सुमारे ८ किलो. प्रौढ माणसाच्या त्वचेचं क्षेत्रफळ साधारण पावणेदोन चौरस मीटर. अंगभर पत्रा चढवला की १४ किलो झालेच. रिव्हेट, बिजागऱ्या, अस्तर वेगळं.

युरोपातल्या मध्ययुगीन सरदारांचं चिलखत १५ ते २५ किलोंचं असे. तरी ते चिलखतासकट धावत, घोड्यावर चढत. कारण भार अंगभर वाटलेला असे आणि सांध्यांपाशी एकमेकींवर सरकणाऱ्या पट्ट्या असत. खरी कसोटी या सांध्यांचीच. वजनाचं म्हणाल, तर २०१९ मध्ये अमेरिकेत टीव्ही सूत्रसंचालक अॅडम सॅव्हेज यांनी आयर्न मॅनचा पोशाख थ्रीडी प्रिंटिंगने टायटॅनियममध्ये घडवला. हा धातू पोलादाहून सुमारे ४० टक्के हलका.

सांधे नीट वळावेत म्हणून आधी पुठ्ठ्याचा नमुना कापा, अंगावर चढवून वाकून-बसून पाहा. आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याला बंद खोलीत वेल्डिंग करू नका. त्या धुराने थंडी वाजून ताप भरतो.